दोन ट्रेनी, ३४ आठवडे आणि सीझनच्या तोंडावर संपणारी तारीख

मालवणपासून थोड्या अंतरावर खाडीच्या बाजूला आमचं आठ खोल्यांचं निवास-न्याहारी आहे, जोडीला मासळीची खानावळ. २०२३ च्या ऑगस्टपासून आम्ही हॉटेल मॅनेजमेंटचे ट्रेनी, म्हणजे कॉलेज प्रत्यक्ष काम शिकायला पाठवतं ती मुलं, घ्यायला लागलो. आधी एक मुलगा, मग एक मुलगी, प्रत्येकी १७ आठवडे. आजूबाजूचे होमस्टेवाले भेटले की विचारतात, "घ्यावा काय रे ट्रेनी? परवडतो काय?" म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. लॉगबुक म्हणजे ट्रेनीने रोज काय काम केलं याची कॉलेजला द्यायची वही. चार डिपार्टमेंट म्हणजे फ्रंट ऑफिस (पाहुण्यांचं स्वागत-नोंदणी), हाउसकीपिंग (खोल्यांची देखभाल), स्वयंपाकघर आणि वाढप. स्टायपेंड म्हणजे ट्रेनीला महिन्याला द्यायचे पैसे.

पहिला भाग मी ४ जानेवारी २०२४ ला रागात लिहिला होता, दुसरा त्याच वर्षीच्या जूनमध्ये. त्यातली काही मतं नंतर बदलली, पण राग खरा होता म्हणून तो भाग तसाच ठेवतोय.

४ जानेवारी

१७ डिसेंबर. ही तारीख आधी लक्षात ठेवा.

मुलगा २१ ऑगस्टला आला. १७ आठवडे मोजा, १७ डिसेंबरला बरोबर भरतात. नाताळ २५ ला. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीच्या आठ दिवस आधी चार महिने शिकवलेला माणूस बॅग भरून निघून गेला. चूक त्याची नाही, त्याला थांबायचं होतं. मी कॉलेजात फोन केला, एकदा नाही, पाच वेळा. म्हटलं, सर, दोन आठवडे वाढवून द्या, स्टायपेंड दुप्पट देतो, लेखी देतो. सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, पण व्हायव्हा (तोंडी परीक्षा) लागलीय, परीक्षेचं वेळापत्रक विद्यापीठाचं, आमच्या हातात काही नाही." पाचव्या फोनला माझा आवाज चढला. त्याबद्दल मी नंतर माफी मागितली, पण म्हणणं मागे घेतलेलं नाही.

आता तो आला तेव्हाचं बघा. पावसाळा, किल्ल्याची होडी बंद, आठांतल्या सात खोल्या रिकाम्या. पहिल्या चार आठवड्यांत त्याने फ्रंट ऑफिस केलं. फ्रंट ऑफिस म्हणजे आमच्याकडे ओसरीवरचं टेबल आणि एक रजिस्टर. दिवसाला एखादं कुटुंब आलं तर आलं. पुढे गणपतीत कोकणातला माणूस स्वतःच्या घरी असतो, पाहुणा म्हणून कोण येणार? सप्टेंबर असाच गेला. दिवाळीच्या सुट्टीत काय ती आठ-दहा दिवस झुंबड उडाली, तेवढंच त्याला खरं काम बघायला मिळालं. ज्या दिवसांसाठी आम्ही वर्षभर तयारी करतो, ते त्याने पाहिलेच नाहीत.

२४ ते ३१ डिसेंबर मी रोज ७०० रुपयांवर गावातली दोन मुलं लावली. कष्टाळू मुलं, पण सवय नाही. एका रात्री खोली ४ ची ऑर्डर खोली ६ ला गेली आणि खोली ४ मधल्या आजोबांना साडेदहापर्यंत जेवण नाही. मी स्वतः त्यांच्या पाया पडून आलो. रात्री अकराला ट्रेनीचा हॉस्टेलवरून फोन, "काका, गर्दी किती आहे? स्वयंपाकघरात मावशींना मदतीला कोण आहे?" त्या पोराला इथली काळजी आणि तो तिथे पुस्तक घेऊन बसलेला.

दुसरी ट्रेनी १ जानेवारीला आली, कारण नोव्हेंबरमध्येच शब्द दिला होता. ती गेटातून आत येत होती तेव्हा नववर्षाचे पाहुणे गाड्यांत सामान भरत होते. तिचे १७ आठवडे मोजले. २८ एप्रिल. १ मेपासून आमचा उन्हाळी सीझन. दोन्ही तुकड्या बरोबर सीझनच्या उंबरठ्यावर संपतात. हे मी कॅलेंडरवर तीनदा मोजून बघितलं.

मत : परत घेणार नाही.

जून

आता पाऊस लागलाय, खोल्या रिकाम्या आहेत, डोकं शांत आहे. जानेवारीत लिहिलेलं वाचलं आणि लाज वाटली, कारण त्यात सुरमईचा साधा उल्लेखही नाही. खरं तर सुरुवात सुरमईपासूनच करायला हवी होती.

पहिल्या मुलाला सॉसची फ्रेंच नावं तोंडपाठ, पण बांगडा ताजा की बर्फातला हे कळत नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काम करणाऱ्या मावशी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "ह्येका मासो वळाखता येणा नाय, हो काय शिकान इलो?" मग त्यांनीच त्याला समोर बसवून शिकवलं, "बघ झिला, डोळो भायर, कल्लो लाल, पोट घट." पंधरा दिवसांत पोरगा मासळी बाजारात एकटा जायला लागला. हे कॉलेजात शिकवायला हवं होतं का? माझं मत, नाही. हे बंदरावरच शिकायचं असतं आणि त्यासाठीच तर त्याला इथे पाठवलं होतं.

कॉलेजातून तो जे घेऊन आला ते मला बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने विचारलं, "काका, सुरमईची यील्ड टेस्ट केलीय का कधी?" मी म्हटलं, ते काय? त्याने डिजिटल काटा घेतला, तीन किलोची अख्खी सुरमई ठेवली, वहीत वजन लिहिलं. भाव ८०० रुपये किलो, म्हणजे मासा २४०० चा. मावशींनी साफ केली. डोकं, शेपटी, पर, आतडं बाजूला काढून त्याने तेही वेगळं तोललं. उरले दोन किलो १०० ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या तुकड्या पाडल्या, १४ झाल्या. २४०० भागिले १४, एक तुकडी १७१ रुपयांना पडली.

मी आतापर्यंत धरत होतो १२०. आठशेचा भाव, दीडशे ग्रॅम, सरळ गुणाकार. डोकं आणि आतड्याचे पैसे मी बाजारात मोजत होतो आणि थाळीत धरतच नव्हतो. डोकं आमच्या कालवणाला लागतं हे खरं, पण ते कालवण वाटीत फुकटच जातं. एका तुकडीमागे ५१ रुपये, वर्षानुवर्षं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुरमई थाळी ३५० ची ४०० केली. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ४१२ सुरमई थाळ्या गेल्या, पन्नासाने २०,६०० रुपये. मुलाला महिन्याला पाच हजारांप्रमाणे एकूण २०,००० स्टायपेंड दिला. राहणं-जेवण वेगळं, पण तेवढं मी कुणालाही घातलंच असतं. एकट्या सुरमईने त्याचा पगार काढला. पापलेट आणि कोळंबीचा हिशोब तर अजून सांगितलाच नाही.

म्हणून "कॉलेजात काही शिकवत नाहीत, सगळं पुस्तकी" असं जे आपण हॉटेलवाले एकमेकांना सांगतो, ते मी आता म्हणत नाही. वजन, हिशोब, मोजमाप, स्टँडर्ड रेसिपी, फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी, हे त्यांना येतं आणि आपल्याला येत नाही. मावशींना चव येते, या मुलांना वजनकाटा येतो. दोन्ही एका ओट्यावर आले की पैसा दिसतो.

मुलीबद्दल. ती घाटावरची, घरी मासे शिजत नाहीत, पण महिन्याभरात तिसऱ्या (शिंपल्या) उघडायला शिकली. तिने केलेली मोठी गोष्ट म्हणजे नकाराची वही. फोन आला आणि आपण "नाही, जागा नाही" किंवा "तसं आमच्याकडे नाही" म्हटलं की आपण ते विसरतो. तिने एक साधी वही घेतली : तारीख, किती माणसं, काय हवं होतं, का नाही म्हटलं. मोठ्या हॉटेलांत असं लिहून ठेवतात म्हणे. एप्रिलपर्यंत वहीत ६४ फोन झाले, त्यांतले १९ सहा-सात माणसांच्या कुटुंबांचे, ज्यांना सगळ्यांना एकत्र एका खोलीत राहायचं होतं. आमच्या दोन खोल्यांमध्ये फक्त एक बंद दार होतं. सुतार बोलावला, दार उघडं केलं, खर्च अठराशे रुपये. मे महिन्यात ती जोडखोली एक दिवस रिकामी नव्हती.

तर माणसं चांगली, शिक्षणही उपयोगाचं. मग अडतं कुठे? परत तिथेच येतो, तारखेवर.

कॉलेज सुरुवातीला मला परवानगीच देत नव्हतं. ट्रेनिंग तारांकित हॉटेलातच हवं असा त्यांचा आग्रह होता. मुलाची आई आजारी, घर कणकवलीकडे, म्हणून खास बाब म्हणून सोडलं. आग्रहामागचं कारण मला समजतं. चार डिपार्टमेंट, प्रत्येकात चार-चार आठवडे, हा आराखडा दोनशे खोल्यांच्या हॉटेलला बेतलेला आहे. देशातली पहिली केटरिंगची संस्था १९५४ साली मुंबईत निघाली, हॉटेल मॅनेजमेंटच्या शिक्षणाची राष्ट्रीय परिषद १९८२ ला आली, शिकून निघालेली मुलं मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत गेली. तिथे एका वेळी पंचवीस-तीस ट्रेनी असतात. डिसेंबरात दहा गेले तरी हॉटेल चालतं. माझ्याकडे एकच असतो, तो गेला की निम्मं घर गेलं.

पण आमचा सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, माझा पहिला ट्रेनी जन्मायच्याही आधी. त्याला मी विचारलं, होमस्टेवर किती तास शिकवलं? म्हणाला, एकही नाही. सिंधुदुर्गातलं पोर, सिंधुदुर्गात पर्यटन, आणि शिक्षणात सिंधुदुर्ग नाही. याचं मला खूप वाईट वाटतं, कारण हीच मुलं उद्या गाव सोडून दुबईला किंवा बोटीवर जातात. आवडीने जातात तर जावोत, पण इथे काही नाही असं समजून जाऊ नयेत.

कामाचा हंगाम शिक्षणाला पाळता येतो हे आमच्या तारकर्लीतच दिसतं. एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा डायव्हिंगची संस्था इथे आहे. समुद्रातलं शिक्षण समुद्र शांत असतानाच होणार हे तिथे कुणी विद्यापीठाला विचारत नाही. खवळलेल्या पाण्यात मुलं उतरवता येत नाहीत, म्हणून वेळापत्रक पाण्याप्रमाणे. रिकाम्या खोल्यांत मात्र मुलं उतरवता येतात, त्यात कुणाचा जीव जात नाही, म्हणून कुणाला घाई नाही.

जून ते सप्टेंबर वर्गात बसवा. पाऊस आहे, आमच्याकडेही काम नाही. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंदच असते, ताजी मासळीसुद्धा फारशी नसते. नाताळाचे तीन आठवडे द्या, मेचे चार द्या, उरलेले दहा कुठे बसवायचे तिथे बसवा. किंवा दोन्ही तुकड्या फक्त पंधरा दिवस पुढे सरकवा. मला दुसरं काही नको. मी हे कॉलेजला लेखी पाठवलं. उत्तर चांगलं आलं, सौजन्याचं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." त्यानंतर दोन महिने झाले.

तोवर दुसरा मार्ग शोधला. शिकाऊ उमेदवार (अ‍ॅप्रेंटिस) घ्यायचा, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली. चार किंवा जास्त माणसं कामाला असतील तर घेता येतो, तीस किंवा जास्त असतील तर घ्यावाच लागतो. आमच्याकडे पाच माणसं. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येते, म्हणजे ऑक्टोबरला घेतला तर नाताळही मिळतो आणि मेसुद्धा. स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेतून मिळतो. नोंदणी ऑनलाइन आहे, कागद गोळा करायला मला आठवडा लागला. गावातलाच एक बारावी झालेला मुलगा ठरलाय. त्याच्याकडे काटा आणि वही नाही, ते त्याला मी शिकवीन, कारण आता मला येतं.

ट्रेनीही घेणार आहे. जानेवारीतलं "परत घेणार नाही" मागे घेतो. ज्यांची खानावळ आहे त्यांनी एकदा तरी घ्यावा, यील्ड टेस्टसाठी घ्यावा. फक्त पत्रावर सही करण्याआधी १७ आठवडे बोटांवर मोजा.

आणि मेची गोष्ट राहिली. मुलीची परीक्षा १४ मेला संपली. १५ ला फोन, "काका, दहा दिवस येऊ का? सर्टिफिकेट नको." रोजचे ६०० आणि जेवण ठरवलं, १६ ला हजर. १९ मे, रविवार, आठही खोल्या एकदम रिकाम्या होणार आणि आठही एकदम भरणार. चेक-आउट दहाला, चेक-इन बाराला. जानेवारी ते एप्रिल तिने एका दिवसात तीनपेक्षा जास्त खोल्या लावल्या नव्हत्या. गावातल्या एका बाईंना सोबत घेऊन तिने कामं वाटली. एकीने न्हाणीघरं, एकीने पलंग. मी पाण्याच्या बाटल्या ठेवत मागे मागे फिरत होतो. चादर झटकायची, पायथ्याकडून गादीखाली सरकवायची, बाजूची कड उचलून तिरकी घडी घालायची, खाली सोडायची, तळहाताने एकदा सपाट. एका पलंगाला तीन मिनिटं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना ती आठव्या खोलीचं दार ओढून बाहेर आली, घामाने भिजलेली, आणि म्हणाली, "काका, झालं."

त्या दिवसाचं पान तिच्या लॉगबुकात नाही. लॉगबुक ३० एप्रिललाच जमा झालं होतं.