जुनी पिकअप वापरताना : ‘सव्वा टन’ म्हणजे माल नेमका किती?

लासलगाव पट्ट्यात शेतमाल वाहायला 2014 चं मॉडेल असलेली सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतली आणि उन्हाळ कांद्यापासून टोमॅटोच्या हंगामापर्यंत चालवली. इंजिन दणकट आहे, सुटे भाग तालुक्याला मिळतात, कुठल्याही मिस्त्रीला गाडी कळते. गाडीवर मी खूश आहे. लिहायचंय ते वजनाबद्दल. जुनी गाडी घेताना लोक किलोमीटर बघतात, टायर बघतात, आणि ‘सव्वा टनाची आहे’ एवढं ऐकून बयाणा देतात.

हा सव्वा टन येतो आरसीवरून : भरलेल्या गाडीचं कमाल वजन उणे रिकाम्या गाडीचं वजन. पण तिथलं रिकामं वजन नोंदणीच्या वेळचं. नंतर गाडीवर लोखंड चढत जातं. फाळक्यांना अँगल, वर जाळी, केबिनवर कॅरियर, मागे जाड गार्ड, हौद्यात दुसरा पत्रा. शिवाय ताडपत्री आणि दोर. बाजार समितीत लिलावानंतर भरलेली गाडी काट्यावर जाते आणि माल खाली करून रिकामी पुन्हा काट्यावर येते, त्यामुळे खरं रिकामं वजन काटापट्टीवर छापूनच मिळतं. माझ्या गाडीचं ते आरसीपेक्षा सव्वाशे किलोच्या आसपास जास्त भरतं. त्यात मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात. दोन माणसं बसली की मालाला उरतो जेमतेम एक टन. टोमॅटोचं कॅरेट 20 किलोचं म्हणतात, पण रिकाम्या कॅरेटचं वजन धरलं तर 22 च्या जवळ जातं. म्हणजे साधारण 45 कॅरेट. आमच्याकडे याच गाडीत किती रचतात ते रस्त्यावर दिसतंच.

आधीच्या मालकाने मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा टाकून घेतला होता. “आता दोन टन आरामात उचलते,” असं विकताना सांगत होता. पाटा वाढवला की गाडी बसत नाही एवढंच. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळं जुनंच राहतं. मागच्या ॲक्सलला जोडलेला एलएसपीव्ही, म्हणजे भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह, ज्या गाडीत असतो तिथे धोका आणखी वाढतो. जादा पाट्यामुळे मागची बाजू उचललेली राहते, व्हॉल्व्हला गाडी हलकी वाटते आणि भरल्या गाडीलाही मागे ब्रेक कमी मिळतो. मी तो पाटा काढून टाकला.

वाशीला माल नेताना कसारा घाट उतरावा लागतो, तिथे हे सगळं अंगावर येतं. टनभर मालावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनवर धरून राहते, ब्रेक अधूनमधून लागतो. एकदा शेजारच्यांच्या आग्रहाखातर त्यांची भरलेली गाडी उतरवली, माल दीड टनाच्या पुढे होता. खाली थांबलो तर ब्रेक लायनरचा जळका वास येत होता आणि मागच्या चाकाजवळ हात धरवत नव्हता. पेडलही नेहमीपेक्षा खोल जायला लागलं होतं. तेव्हापासून भाडं क्विंटलवर असलं तरी “अजून चार गोण्या टाका भाऊ” याला माझं उत्तर नाहीच असतं. 2019 च्या सुधारणेनंतर कायद्यात ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 असा दंड आहे, पण माझं कारण तो घाटच आहे.

टायरवर लोड इंडेक्स छापलेला असतो तो वाचाच. 108 म्हणजे एका टायरला 1,000 किलो, 100 म्हणजे 800, तेही हवा पूर्ण असेल तर. स्वस्तात मिळाले म्हणून कमी इंडेक्सचे टायर चढवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. चार आकडी तारीखही बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर भाराखाली फुटतं.

माल रचतानाही वजन केबिनच्या बाजूला घ्या. मागच्या फाळक्याकडे जास्त गेलं तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं.

कोणी अशी गाडी बघत असेल तर व्यवहाराआधी ती रिकामी काट्यावर न्या आणि पट्टी आरसीशी ताडून बघा. मग खाली वाकून पाटा जिथे चेसीला अडकवलेला असतो त्या हँगरजवळची चेसी बघा, बॅटरीचा उजेड पाडून. तिथे वेल्डिंगचे जाड टाके दिसले तर गाडी बरीच वर्षं ओव्हरलोड चालली असं मी समजतो, आणि किंमत कितीही उतरवली तरी ती घेत नाही.