दुकानातल्या कॉम्प्युटरला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो का?

सांगलीत हरभट रोडलगतच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, पोरांचे प्रोजेक्ट, आधारच्या प्रिंटा. दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लागत असतात. त्यामुळे अँटिव्हायरस ही टोनरइतकीच रोजच्या गरजेची वस्तू. आजूबाजूचे दुकानदार विचारतात, ताई, विंडोजबरोबर फुकट येतो तो डिफेंडर पुरतो का, का विकतचा घेऊ? माझं मत सरळ आहे. छोट्या दुकानाला तो पुरतो. पण त्यानं इशारा दिल्यावर पुढची दहा मिनिटं आपण काय करतो यावर खरी गोष्ट ठरते, आणि ती दहा मिनिटं कुठलाच अँटिव्हायरस आपल्या वतीनं सांभाळत नाही, फुकटचा नाही आणि विकतचाही नाही.

बेदाण्याच्या सौद्यांच्या दिवसांत मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचे दिवाणजी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या छापून घ्यायला आले होते. पेनड्राइव्ह लावला आणि उघडला. आत सगळे फोल्डर दिसत होते, नावं बरोबर, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. म्हणजे फोल्डर नव्हेतच, शॉर्टकट. तेवढ्यात खाली उजवीकडं डिफेंडरची पट्टी आली: धोका सापडला. दिवाणजी म्हणाले, "ताई, आमच्याकडं रोज उघडतंय की हे. डबल क्लिक करा, आत सगळं आहे."

उघडतं, हे खरंच आहे. या शॉर्टकट व्हायरसची करामत तीच. तो मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो. आपण क्लिक केलं की आधी तो स्वतः चालू होतो आणि मग आपला फोल्डरही उघडून दाखवतो, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला शंका येत नाही. मी काहीही क्लिक न करता विंडोज सिक्युरिटीमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी उघडली. डिफेंडरचं मला सगळ्यात आवडतं ते हे पान. धोक्याचं नाव, तीव्रता आणि नेमकी कुठली फाइल, कुठल्या ड्राइव्हवर, हे तिथं लिहिलेलं असतं. पत्ता पेनड्राइव्हचा होता, माझ्या सी ड्राइव्हचा नव्हता. इशारा आला की आधी हेच बघायचं: फाइल नुसती येऊन पडली आहे, का चालून गेली आहे? इथं ती चालायच्या आधीच अडवली गेली होती. रिमूव्ह दाबलं.

आणि पेनड्राइव्ह रिकामा झाला. दिवाणजींचा चेहरा उतरला. अख्ख्या हंगामाचा हिशेब त्यात होता. मी त्यांना ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडून दाखवल्या. एकही फाइल दिसत नाही, पण गोलात भरलेली जागा होती तेवढीच आहे. माल आतच आहे, फक्त पडद्याआड. अशा वेळी हिडन आयटम्सवर नुसती टिक करून बहुतेकदा भागत नाही, कारण हा व्हायरस फोल्डरांना सिस्टिम फाइलचाही शिक्का मारतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' समोरची खूण काढावी लागते. काढली, फिकट रंगात सगळे फोल्डर वर आले. त्यातल्या फक्त एक्सेल आणि पीडीएफ तेवढ्या उचलल्या, त्या पुन्हा स्कॅन केल्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि फाइली परत भरून दिल्या. फॉरमॅटचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण डेटा बाजूला काढल्यावर यासारखा स्वच्छ उपाय नाही.

पट्ट्या छापून झाल्या, दिवाणजी निघाले. त्यांना थांबवून सांगितलं की खरं दुखणं तुमच्या ऑफिसच्या मशीनमध्ये आहे. तिथं तो सतत चालू असणार, हा साफ केलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावला की पुन्हा तेच. तिथं डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. साधा स्कॅन विंडोज चालू असताना होतो, त्यामुळं काही चिवट व्हायरस त्याच्यापासून लपू शकतात. ऑफलाइन स्कॅन मशीन रीस्टार्ट करतो आणि विंडोज उठायच्या आधीच तपासतो, साधारण १५ मिनिटं लागतात. आणि मशीनवर व्हायरस चालून गेलेला असला तर आधी नेट काढायचं, मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलायचे. त्याच मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकला तर तोही चोराच्या हातात दिल्यासारखं आहे.

इशाऱ्यावर तीन वाटा असतात: क्वारंटाइन, रिमूव्ह आणि अलाउ. क्वारंटाइनमध्ये फाइल कुलपात राहते, चालू शकत नाही आणि लागली तर परत काढता येते. शंका असेल तेव्हा मी तेच निवडते. अलाउबद्दल माझं मत कडक आहे. गिऱ्हाईक घाईत आहे, "मारा की प्रिंट, काय होत नाही" म्हणतंय, हे अलाउ दाबायचं कारण नव्हे. तसंच क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचं. ते टाकताना "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना येते आणि लोक ती निमूट पाळतात. डीटीपीच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो. फुकट फॉन्टच्या नादात गिऱ्हाइकाची कागदपत्रं आपण उघड्यावर ठेवतो.

अँटिव्हायरस चुकतोही. इशाऱ्यातल्या धोक्याच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल अशी अक्षरं असली तर ती फाइल ओळखीच्या व्हायरसशी जुळलेली नसते, मशीन लर्निंगनं ती संशयित ठरवलेली असते. तेव्हा मी दुसरं मत घेते. व्हायरसटोटल नावाची सेवा आहे, २००४ साली स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये गूगलनं घेतली. फाइल तिथं चढवली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस ती तपासून आपापलं मत देतात. पण तिथं चढवलेल्या फाइली सुरक्षेवर काम करणाऱ्या कंपन्यांना बघायला मिळतात. त्यामुळे सॉफ्टवेअरची सेटअप फाइल खुशाल चढवा, पण कुणाचं आधार, कुणाचं खरेदीखत तिथं टाकायचं नाही. आपल्यावर विश्वास टाकून लोकांनी दिलेले कागद आहेत ते.

आता खोट्या इशाऱ्याबद्दल, कारण माझ्या मते आज जास्त नुकसान त्यानंच होतं. गल्लीतल्या एक काकू लॅपटॉप उघडाच धरून दुकानात आल्या. स्क्रीनभर लाल-निळं पान, भोंगा वाजतोय, बाई इंग्रजीत धमकावतेय आणि मधोमध एक फोन नंबर. काकूंनी फोन हातात घेतलाच होता. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं पाठ करून ठेवा. ते नुसतं वेबपेज असतं, ब्राउझर पूर्ण स्क्रीन करून बसलेलं. एस्केप दाबून धरलं, मग आल्ट आणि एफ-४, भोंगा बंद. त्यानंही गेलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू द्यायची नाहीत. काकूंच्या क्रोमच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये कुठल्याशा साइटला परवानगी दिलेली निघाली, ती काढली. त्या नंबरवर कुणी फोन करून मशीनचा ताबा दिला असेल, पैसे गेले असतील, तर नेट बंद करून लगेच बँकेला कळवायचं आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवायची. तिथं वेळेला किंमत आहे, उद्या बघू म्हणायचं नाही.

विकतच्याबद्दल. क्विक हीलचे डबे आपल्याकडं दुकानादुकानांत दिसतात, आणि ती कंपनी उभी करणारे कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, याचा मलाही अभिमान आहे. ज्यांना फोनवर मराठीत बोलून मदत हवी, चार-पाच मशीनं सांभाळायची आहेत, त्यांनी विकतचा जरूर घ्यावा. मात्र एका मशीनवर दोन अँटिव्हायरस एकत्र चालवायचे नाहीत. दुसरा टाकला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, ते बरोबरच आहे.

डिफेंडरवरच राहणार असाल तर दोन गोष्टी हातानं कराव्या लागतात. रॅन्समवेअर म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस. डिफेंडरच्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस मुळात बंद असतं, ते चालू करा. त्यामुळं ओळखीचं नसलेलं सॉफ्टवेअर तुमच्या महत्त्वाच्या फोल्डरांत हात घालू शकत नाही. कधीतरी आपलंच जुनं सॉफ्टवेअर अडतं, त्याला परवानगी देता येते. आणि बॅकअप. रॅन्समवेअरनं कुलूप लावलेल्या फाइली डिफेंडर उघडून देऊ शकत नाही. माझी बॅकअपची हार्डडिस्क विश्रामबागला बहिणीकडं असते. २०१९ च्या पुरानंतर लावलेली सवय आहे, व्हायरसलाही तीच उपयोगी.

विंडोज १० अजून चालवत असाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्या मशीनला अनोळखी पेनड्राइव्ह लागतात, ते तरी आधी विंडोज ११ वर न्या. मशीन तेवढं नवं नसेल, तर अँटिव्हायरसच्या पैशात भर घालून मशीनच बदला.