परसातील खेळाच्या जागेसाठी जमिनीवर काय अंथरावे: हिरवळ, रबर टाइल, वाळू आणि लाकडी ढलप्या

घरामागच्या अंगणात झोका आणि घसरगुंडी बसवून घेणारे पालक खेळणी निवडताना पुष्कळ चौकशी करतात. खेळण्यांखालची जमीन मात्र बहुतेक वेळा शेवटी, उरलेल्या पैशांतून आणि रंग पाहून ठरवली जाते. मुलांना खेळताना होणाऱ्या दुखापतींत खेळण्यावरून खाली जमिनीवर पडणे हेच सर्वांत मोठे कारण असते, त्यामुळे हा क्रम उलटा असायला हवा असे माझे ठाम मत आहे. नाशिकला गंगापूर रोडकडील आमच्या घराच्या परसात नातवंडांसाठी खेळाची जागा करताना बाजारात मिळणारे सगळे प्रकार पाहिले, काहींचे नमुने घरी आणले आणि शेवटी जे घेतले ते एका पूर्ण पावसाळ्यात कसे टिकले हेही पाहिले. त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. भाव मुद्दाम देत नाही, कारण वाळूचा आणि वाहतुकीचा दर हंगामाप्रमाणे इतका बदलतो की आज लिहिलेला आकडा वाचकाची दिशाभूलच करील.

निवडीची कसोटी एकच ठेवली: मूल जास्तीत जास्त किती उंचीवरून पडू शकते, आणि त्या उंचीवरून डोके आपटले तर खालचा थर तो आघात किती शोषून घेतो. युरोपातील ईएन ११७७ आणि अमेरिकेतील एएसटीएम एफ १२९२ ही मानके नेमके हेच मोजतात. डोक्यावरील आघाताचा निर्देशांक १००० च्या वर जाऊ नये, अशी त्यांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने सार्वजनिक क्रीडांगणांसाठी दिलेला तक्ता घरच्या परसालाही उपयोगी पडतो. त्यानुसार दबून बसलेला ९ इंचांचा वाळूचा थर ४ फुटांवरून पडण्यापुरता चालतो, तेवढीच गोल बारीक खडी ५ फुटांपर्यंत, आणि तेवढ्याच जाडीच्या लाकडी ढलप्या तब्बल १० फुटांपर्यंत. सर्वांत स्वस्त आणि दिसायला सर्वांत साध्या वस्तूने या तक्त्यात इतका वरचा क्रमांक मिळवावा, हे वाचल्यावर आमच्या खरेदीची सगळी दिशाच बदलली.

हिरवळीबद्दल थोडक्यात सांगतो. नर्सरीत मिळणारे मेक्सिकन किंवा सिलेक्शन जातीचे लॉन डोळ्यांना सुखावते, धावण्यासाठी, बसण्यासाठी आणि चेंडू खेळण्यासाठी त्याहून चांगले काही नाही. परंतु झोक्याखाली मुलांचे पाय घासून ते महिन्याभरात उडते आणि खाली टणक माती उघडी पडते. त्याच अमेरिकी कमिशनच्या मार्गदर्शिकेत गवत आणि माती यांना खेळण्यांखालचे संरक्षक आच्छादन मानलेलेच नाही. कृत्रिम हिरवळीचीही तीच गत आहे. ३५ किंवा ४० मिलिमीटरची पाती हाताला मऊ लागली तरी खाली धक्का शोषणारा वेगळा पॅड नसेल, तर मूल प्रत्यक्षात खालच्या फरशीवरच पडते. शिवाय नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती इतकी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत शोभेसाठी ती अवश्य घ्यावी, झोक्याखाली घेऊ नये.

रबर टाइलचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, कारण दुकानदार सर्वांत जास्त आग्रह तिचाच करतात. जुन्या टायरांचे दाणे पॉलियुरेथेनने चिकटवून ती बनते. चांगल्या टाइलवर रंगीत ईपीडीएम रबराचा वेगळा थर असतो, तर स्वस्त टाइलमध्ये काळ्याच दाण्यांना वरून रंग दिलेला असतो आणि तो एका उन्हाळ्यात विटतो. खरा प्रश्न जाडीचा आहे. २० ते २५ मिलिमीटरची टाइल व्यायामशाळेसाठी असते, आणि तीच ‘प्ले टाइल’ म्हणून सर्रास दाखवली जाते. एका विक्रेत्याला आम्ही विचारले, की ही टाइल किती उंचीवरून पडण्यासाठी तपासलेली आहे; त्यावर “काका, रबर आहे, मुलाला काय लागणार आहे?” एवढेच उत्तर मिळाले. या प्रश्नाला हे उत्तर अजिबात चालणार नाही. प्रत्येक जाडीसाठी पडण्याची कमाल उंची वेगळी असते आणि ती उत्पादकाच्या चाचणी अहवालात फुटांत किंवा मीटरमध्ये लिहिलेली असली पाहिजे. अहवाल मिळत नसेल तर टाइल कितीही देखणी असो, तिथून उठावे. त्यात या टाइलला खाली पीसीसीचा, म्हणजे साध्या काँक्रीटचा, सपाट थर लागतो, म्हणजे खर्च टाइलपुरता राहत नाही, आणि गडद रंगाची टाइल दुपारी चटका देते. तरीही तिचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे: ती जागची हलत नाही आणि झाडून स्वच्छ होते. म्हणून व्हरांड्यालगतच्या पट्ट्यात, जिथे धाकटा नातू तीनचाकी चालवतो आणि पडण्याची उंची नगण्य आहे, तिथे आम्ही तीच बसवली आणि तिथे ती उत्तम ठरली आहे.

वाळूचा मोह मोठा असतो, कारण मुलांना तिच्यात किल्ले करायला आवडतात. मात्र बांधकामाच्या दुकानात आज सहज मिळते ती क्रश सँड. दगड फोडून केलेल्या या वाळूचे कण टोकदार असतात, त्यात दगडाची पूड असते, आणि पावसात भिजून वाळली की ती सडकेसारखी घट्ट बसते. खेळासाठी धुतलेली, गोल दाण्याची नदीची वाळूच हवी. तिचा उपसा पावसाळ्यात बंद असल्यामुळे ती त्याआधीच घ्यावी लागते, आणि घेताना वैध परवान्याची पावती मागावी. हिशेब सोपा आहे: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे १० फूट बाय १० फूट जागेत ९ इंचांचा थर द्यायला पाऊण ब्रास वाळू पुरते. आमच्या घसरगुंडीचा मंच ४ फुटांहून उंच असल्याने तिच्याखाली वाळू घालण्याचा प्रश्नच उरला नाही. कोपऱ्यात छोटा वाळूचा चौथरा केला आहे आणि त्यावर रात्री ताडपत्री घालतो, कारण उघडी वाळू दिसली की मांजरे ती घाण करतात आणि त्यातून मुलांना जंतुसंसर्ग होऊ शकतो.

राहिल्या ढलप्या. झोका आणि घसरगुंडी यांच्याखाली आम्ही त्याच घेतल्या, आणि खरेदीत सर्वांत जास्त काळजीही त्यांच्याच बाबतीत घ्यावी लागली. लाकडाच्या वखारीत ‘भुसा’ म्हणून मिळणारी पूड आणि रंध्याच्या पातळ सालपट्या कामाच्या नाहीत. त्या भिजल्या की लगदा होतात. अंगठ्याएवढे, कडा बोथट असलेले, साफ लाकडाचे तुकडे हवेत. नाशिकमध्ये दोन स्रोत विशेष मोहात पाडतात, आणि दोन्ही नाकारावे असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. पहिला म्हणजे द्राक्षबागांतील काड्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर त्यांचे ढीग पडतात व श्रेडरमधून काढलेला चुरा जवळजवळ फुकट मिळतो; पण या वेलींवर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापासून कीटकनाशकांपर्यंत अनेक फवारण्या झालेल्या असतात, आणि लहान मूल हातात येईल ते तोंडात घालते. दुसरा स्रोत म्हणजे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडणारे जुने पॅलेट, म्हणजे माल रचण्यासाठीच्या लाकडी चौकटी. त्यांत खिळे राहतात, शिवाय निर्यातीच्या पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर ते लाकूड मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेले असते. ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेने प्रक्रिया केलेले. परंतु तुकडे करून आलेल्या मालावर शिक्का कुठला दिसणार? झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचे ताजे तुकडे करून देणाऱ्या एका नर्सरीकडून आम्ही माल घेतला, घेण्यापूर्वी पोती उघडून हात घालून पाहिला, आणि काटेरी बाभूळ त्यात नाही याची खात्री केली.

ढलप्या अंथरण्याआधीचे काम ढलप्यांइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट काहीही टाकले तर जुलैपर्यंत सगळे चिखलात मिसळते. म्हणून वरची माती काढून मुरूम दाबून घेतला, पाणी कुंपणाकडे जाईल असा हलका उतार दिला, त्यावर खडीचा पातळ थर, मग जिओटेक्सटाईल, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण माती वर येऊ न देणारे कापड, आणि सर्वांत वर ढलप्या. ९ इंच थर टिकायला हवा असेल तर सुरुवातीला १२ इंच भरावे लागते, कारण माल सुमारे पाव भागाने दबतो. खांबांवर ९ इंचांच्या पातळीला रंगाची रेघ मारून ठेवली आहे. रेघ दिसू लागली की भर घालायची.

पावसाळ्यातील अनुभव एकूण समाधानकारक आहे. पाणी कुठेही साचले नाही, आणि पाऊस उघडल्यावर थोड्याच वेळात मुले खेळू लागत. कुत्र्याच्या छत्र्या मात्र वारंवार उगवल्या. धाकटा नातू लहान असल्यामुळे त्या रोज सकाळी वेचून टाकाव्या लागल्या. खालचा थर काळा पडून कुजू लागला आहे, त्यामुळे दरवर्षी काही भर घालावी लागेल हे गृहीत धरावे. वाळवी अजून लागलेली नाही, तरी ढलप्या घराच्या भिंतीपासून आणि लाकडी खांबांपासून दूर राहतील असा दगडी काठ बांधणे मला आवश्यक वाटते. झोक्याखाली पाय घासून खड्डा पडतो, तो दर आठवड्याला फावड्याने सारखा करावा लागतो. ज्यांना एवढी देखभाल जमणार नाही त्यांनी चाचणी अहवाल असलेली जाड रबर टाइल घ्यावी आणि खेळण्यांची उंची त्या अहवालाच्या मर्यादेतच ठेवावी.

जागेचे माप काढतानाही खेळण्यापुरते काढू नये. खेळण्याच्या सर्व बाजूंनी ६ फुटांपर्यंत आच्छादन हवे, आणि झोक्याच्या पुढे-मागे तर टांगण्याच्या आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. दांडा ७ फुटांवर असेल तर पुढे १४ आणि मागे १४ असे २८ फूट लागतात, आणि शहरातील फार थोड्या परसांत तेवढी लांबी मिळते. आम्ही सुताराकडून दांडा साडेपाच फुटांवर आणून घेतला, तेव्हा २२ फुटांत काम भागले आणि ढलप्याही त्याच प्रमाणात कमी लागल्या. मागणी फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान नोंदवावी. त्या काळात माल कोरडा मिळतो आणि पहिल्या पावसाआधी थर दबून बसतो.