शेतकरी कंपनीसाठी इनबॉक्समधला सीआरएम: कोणता घ्यावा, कोणता सोडावा

वरुड-मोर्शीकडं संत्र्याची बाग झाडावर फळ असतानाच विकली जाते. तिथं बोलणं बागेतच होतं, ई-मेलचं काही काम पडत नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीचं तसं नाही. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा खरेदीदार मसाला कंपनी किंवा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना असेल, तर पहिली चौकशी व्हॉट्सॲपवर येते आणि पुढचं सगळं मेलवर सरकतं: सॅम्पल, करक्युमिनचा (हळदीतल्या मुख्य घटकाचा) लॅब रिपोर्ट, व्हेंडर फॉर्म, दरपत्रक, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), बिल. हंगामात असे बरेच ग्राहक एकाच वेळी आले, की कोणाला सॅम्पल गेलं आणि कोणाला भाव कळवायचा राहिला हे डोक्यात राहत नाही. सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी आणि सौद्यांचे टप्पे सांभाळणारं सॉफ्टवेअर, हवं ते यासाठी. तो इनबॉक्समध्येच असला, तर मेलच्या बाजूलाच ग्राहकाचा सगळा हिशोब दिसतो आणि दुसरी वेबसाइट उघडून नोंद करण्याचा कंटाळा आड येत नाही.

कोणत्या टूलमध्ये किती सोयी आहेत हे मोजण्याआधी एक गोष्ट तपासा: मेलचं खातं कोणाच्या नावानं आहे? केंद्र सरकारनं २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आणली. तिच्यात एका कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख रुपये मिळतात. सीईओचा पगार त्यातूनच निघतो. मदत संपली की अनेक ठिकाणी सीईओ दुसरी नोकरी धरतो. ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार त्याच्या खाजगी जीमेलमध्ये असेल, तर तोही त्याच्याबरोबर जातो. संचालक मंडळाच्या हाती उरते ती बिलांची फाइल. म्हणून आधी कंपनीच्या नावानं खातं उघडा, पासवर्ड परत मिळवण्याचा मोबाइल नंबर संचालकांपैकी एकाचा ठेवा आणि मगच त्यावर कोणतंही टूल चढवा. वैयक्तिक खात्यात बसवलेला सीआरएम कितीही चांगला असला तरी माझ्या मते तो नसल्यासारखाच.

दुसरा प्रश्न फोनचा. इनबॉक्सच्या आत चालणारी बहुतेक टूल्स म्हणजे क्रोमची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम), आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाही. लॅपटॉपवर जीमेलच्या बाजूला जी सुंदर पट्टी दिसते, ती गोडाऊनवर उभं राहून फोनवर मेल पाहताना दिसणार नाही. तिथं त्या कंपनीचं वेगळं ॲप लागतं. जाहिरातीतले स्क्रीनशॉट लॅपटॉपचे असतात, आणि आपल्याकडं दिवसातलं बरंचसं काम फोनवर होतं. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

नुसतं जीमेल आणि गूगल शीट. महिन्याला पाच-सात नवे खरेदीदार येत असतील, तर इथंच थांबा. 'सॅम्पल गेलं', 'भाव दिला', 'पीओ आली', 'पैसे बाकी' अशी देवनागरीत लेबलं करता येतात आणि ती फोनवरही दिसतात. जीमेलमधलं स्नूझ फार उपयोगी आहे, पण लोक ते वापरत नाहीत. सॅम्पल पाठवल्यावर ती मेल दहा दिवसांसाठी स्नूझ करा. दहाव्या दिवशी ती पुन्हा वर येते, म्हणजे फॉलोअप चुकत नाही. अडचण येते ती दुसरा माणूस कामाला लागल्यावर. लेबल मेलला लागतं, ग्राहकाला नाही. शिवाय शीट कोणी भरायची यावरून गाडी अडते. मोफत खात्याची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटली जाते, त्यामुळं शिवारफेरीचे व्हिडिओ या खात्यात साठवू नका.

स्ट्रीक. 'इनबॉक्सच्या आत' हे शब्द याला खऱ्या अर्थानं लागू पडतात. जीमेल उघडलं की डावीकडं तुमच्या पाइपलाइन, म्हणजे सौद्यांच्या टप्प्यांचे तक्ते, असतात. प्रत्येक ग्राहकाचा किंवा सौद्याचा एक 'बॉक्स' आणि त्यात त्याच्या सगळ्या मेल. टप्पे तुम्ही ठरवायचे: चौकशी, सॅम्पल, रिपोर्ट, भाव, पीओ, माल, पैसे. मांडणी एक्सेलच्या तक्त्यासारखी आहे, त्यामुळं हिशोब लिहिणाऱ्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. बॉक्समधली मेल टीममधल्या दुसऱ्यालाही वाचता येते, त्यामुळं सीईओ रजेवर असला तरी लॅब रिपोर्ट कोणाला गेला हे कळतं. अँड्रॉइडवर त्याचं ॲप आहे. पण हे फक्त जीमेलवर चालतं, आउटलुकवर नाही, आणि पैसे डॉलरमध्ये भरावे लागतात.

डॉलरचा मुद्दा किरकोळ नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड देशातल्या व्यवहारांसाठीच चालू असतं; परदेशी व्यवहार वेगळे सुरू करून घ्यावे लागतात. कंपनीचं खातं गावाजवळच्या छोट्या शाखेत असेल, तर तेवढ्यासाठीच अर्ज आणि ठराव लागू शकतो. शिवाय दर महिन्याची आपोआप कपात ई-मँडेटच्या (पैसे आपोआप कापायला दिलेल्या आगाऊ परवानगीच्या) नियमांत बसली नाही, तर मधेच अडते आणि ऐन हंगामात सेवा बंद पडते. वार्षिक पैसे एकदम भरणं त्यातल्या त्यात बरं.

हबस्पॉट. याची मोफत आवृत्ती भरपूर देते आणि जीमेल, आउटलुक दोन्हींत बसते. तुमचे मोठे खरेदीदार, बँक किंवा तुमची मदतनीस संस्था आउटलुकवर काम करत असतील आणि तुम्हीही तेच वापरत असाल, तर स्ट्रीकचा विचारच सोडा, हेच पाहा. फरक असा की माहिती जीमेलमध्ये राहत नाही. ती हबस्पॉटच्या खात्यात जाते आणि इनबॉक्समध्ये फक्त खिडकी दिसते. कोणती मेल नोंदवायची हे पाठवताना ठरवता येतं. फोनवरून मेल पाठवताना त्यांनी दिलेला खास पत्ता बीसीसीत टाकला तरी नोंद होते. ग्रामीण कामाला ही सोय फार मोलाची आहे. माझी हरकत त्याच्या आकाराची आहे. मार्केटिंग, तिकिटं, फॉर्म, चॅट असं इतकं समोर येतं की चार माणसांच्या ऑफिसला हवे ते सात टप्पे शोधावे लागतात. मोफतच्या पुढची पायरीही उंच आहे.

झोहो. चेन्नईची कंपनी, रुपयांत बिल, त्यावर जीएसटी, म्हणजे कार्डाची वरची कटकट नाही. झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती तीन जणांना पुरते. २०२० मध्ये आलेलं बिगिन लहान धंद्यासाठी आहे. त्याची मोफत आवृत्ती एकाच माणसासाठी आहे, नोंदी ५०० पर्यंत. इथं उलटं घडतं: सीआरएम मेलमध्ये येत नाही, मेल सीआरएममध्ये येते. जीमेलचं खातं जोडलं की ग्राहकाच्या नोंदीखाली त्याच्या मेल दिसतात. इनबॉक्सच्या शुद्ध व्याख्येत हे बसत नाही, तरी दिवसाचा बराच वेळ फोनवर काम करणाऱ्या कंपनीला मी आधी बिगिनच दाखवीन. त्याचं मोबाइल ॲप साधं आहे आणि पैसे भरलेल्या आवृत्तीत व्हॉट्सॲप जोडता येतं. आपल्या निम्म्या चौकश्या तिकडूनच येतात.

कॉपर आणि नेटहंट हीसुद्धा जीमेलची चांगली टूल्स. कॉपर तर गूगल वर्कस्पेससाठीच (गूगलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेसाठी) बनलेलं आहे. पण स्ट्रीक घेतल्यावर जे मिळत नाही असं हळद किंवा डाळ विकणाऱ्या कंपनीला त्यांत काही खास सापडणार नाही. हायव्हरचं काम वेगळं: एकाच पत्त्यावर आलेल्या मेल माणसांमध्ये वाटून देणं. तक्रारींचा ढीग असेल तर ते घ्या, सौद्यांच्या टप्प्यांसाठी नको.

स्ट्रीक आणि हबस्पॉट दोन्ही 'समोरच्यानं मेल उघडली' असं सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. मेलमधल्या एका अदृश्य चित्रावरून हे कळतं. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं, आणि ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून माणसानं मेल वाचली नाही तरी चित्र आधीच उतरवून घेण्याची सोय आहे. म्हणजे चित्र उतरलं म्हणून मेल वाचली असं ठरत नाही. खरेदीदाराला फोन करून 'तुम्ही आमची मेल उघडली होती' म्हणणं तर अजिबात नको.

पैसे भरण्याआधी चाचणीच्या खात्यात दहा ग्राहक टाका, एकाचं नाव देवनागरीत लिहा, आणि सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढून पाहा. ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसू शकतात. गूगल शीटमध्ये आयात केली की नीट दिसतात. मेलमधला मजकूर आणि नोंदी त्या फाइलमध्ये येतात की नुसती नावं आणि नंबर, हेही बघा. नुसती नावं येत असतील, तर ते टूल घेण्याआधी संचालकांना तसं स्पष्ट सांगा, आणि पीओ व लॅब रिपोर्टच्या प्रती कंपनीच्या ड्राइव्हमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.