शेतातल्या सेन्सरसाठी कुठलं मॉड्युलेशन: ओओके, एफएसके की लोरा?

ओलाव्याचा सेन्सर शेतात, गेटवे (सेन्सरचे संदेश पकडणारा रिसीव्हर) घराच्या गच्चीवर, मधे दीड किलोमीटर ऊस. दर पंधरा मिनिटांनी २० बाइट घरी पोचले की काम झालं. त्यासाठी मॉड्युलेशन, म्हणजे रेडिओ लहरीवर माहिती चढवायची पद्धत, कुठलं घ्यावं हे विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: "लोरा, एसएफ-१२ वर टाकतो, म्हणजे टेन्शन नको." (एसएफ, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, हा लोराचा आकडा: तो जितका मोठा, तितका संदेश हळू जातो, पण लांब पोचतो.) माझ्या मते टेन्शन तिथूनच सुरू होतं.

आधी सगळ्यात स्वस्त पर्याय निकालात काढू. ओओकेमध्ये लहर चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. गेटच्या रिमोटला हे पुरतं. पण इथे सगळी माहिती लहरीच्या ताकदीत असते आणि गोंगाट पहिला घाव तिथेच घालतो. एका जोडणीत मी रिसीव्हर विहिरीजवळच्या पेटीत ठेवला होता. मोटरचा स्टार्टर खटकन बसला की त्याच क्षणी स्क्रीनवर कचरा उमटायचा. रात्री थ्री-फेज लाईट किती वाजता आली, हे मला नुसता लॉग बघून सांगता यायचं.

एफएसके याबाबतीत खूपच शहाणं. एकसाठी थोडी वरची वारंवारता, शून्यासाठी थोडी खालची. ताकद वरखाली झाली तरी अर्थ बदलत नाही. शिवाय लहरीची उंची कायम असल्याने ट्रान्समीटरचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण दाबून चालवता येतो, बॅटरी वाचते. वाय-फाय आणि फोर-जीमधल्या क्वॅमला ही सवलत नाही, कारण ते लहरीची उंचीही बदलतं. त्यात ६४-क्वॅमला क्यूपीएसके या साध्या पद्धतीपेक्षा प्रत्येक बिटमागे सुमारे ८ डेसिबल, म्हणजे सहापटीहून जास्त ऊर्जा लागते (लाखात एक बिट चुकेल या हिशेबाने). शेतात कॅमेरा लावणार असाल तरच तिकडे बघा.

आता लोरा. सतारीवरची मींड डोळ्यांसमोर आणा. सूर १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खालून वर घसरत जातो, वरच्या टोकाला पोचला की पुन्हा खालून सुरू होतो. घसरण कुठून सुरू झाली यात माहिती असते. एसएफ-७ ला सुरुवातीच्या १२८ जागा, म्हणजे ७ बिट. एसएफ-१२ ला ४०९६ जागा, म्हणजे १२ बिट. रिसीव्हर अख्ख्या घसरणीची ऊर्जा एका ठिकाणी गोळा करतो, म्हणून सिग्नल गोंगाटाच्या खाली दबला असला तरी सापडतो.

२० बाइटचं पॅकेट, दिवसाला ९६ वेळा, पाठवताना १२० मिलिअँप खर्च धरून हिशेब असा येतो:

| | किमान सिग्नल-गोंगाट गुणोत्तर | एका पॅकेटचा वेळ | रोजचा खर्च |
|---|---|---|---|
| एसएफ-७ | −७.५ डेसिबल | ५७ मिलिसेकंद | ०.१८ मिलिअँप-तास |
| एसएफ-९ | −१२.५ डेसिबल | १८५ मिलिसेकंद | ०.६ मिलिअँप-तास |
| एसएफ-१२ | −२० डेसिबल | १.३२ सेकंद | ४.२ मिलिअँप-तास |

खालच्या ओळीत जादू दिसते, पण ती विकतची आहे. एका बिटमागे लागणारी ऊर्जा मोजली तर एसएफ-७ आणि एसएफ-१२ दोन्ही ढोबळमानाने गोंगाटाच्या ६-७ डेसिबल वर येतात. एसएफ-१२ फक्त तेवीसपट वेळ ओरडत राहतं.

मग एफएसकेच संथ का चालवू नये? कागदावर ते काही डेसिबल मागे राहतं, पण शर्यतीत असतं. घोडं अडतं ते वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलपाशी. क्रिस्टल १० पीपीएमने (दहा लाखांत दहा) सरकला तर ८६६ मेगाहर्ट्झवर जवळपास ८.७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. ३०० बिट प्रति सेकंदाच्या अरुंद सिग्नलसाठी हा फरक म्हणजे दुसरं गाव. एप्रिलच्या उन्हात पेटी तापते, सिग्नल रिसीव्हरच्या खिडकीबाहेर जातो. खिडकी रुंद केली की गोंगाटही आत येतो. लोराला मात्र पट्ट्याच्या चौथ्या हिश्श्याइतकं, म्हणजे ३० किलोहर्ट्झच्या आसपास सरकलेलं चालतं. माझ्या लेखी लोराचा खरा फायदा हा. गोंगाटाच्या खालून ऐकण्याचं कौतुक त्यानंतर.

एसएफ-१२ बद्दलची माझी तक्रार बॅटरीची नाहीच, शेजाऱ्यांची आहे. एकाच चॅनेलवर एकाच गेटवेकडे असे ६० सेन्सर बोलू लागले, तर प्रत्येकाच्या १.३२ सेकंदांमुळे सुमारे १६ टक्के पॅकेटं एकमेकांवर आदळू शकतात. एसएफ-७ वर हाच आकडा एक टक्क्याच्या आत राहतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे उद्या शेजारच्या मळ्यातलेही येणार हे धरून चाला.

तर निवड. गेटवे नजरेच्या टप्प्यात, तीनचारशे मीटरवर असेल आणि अधूनमधून मोठी फाइल पाठवायची असेल, तर एफएसके घ्या. त्यापुढे लोरा, पण सुरुवात एसएफ-९ ने करा. बऱ्याच लोरा चिपमध्ये एफएसकेही असतं, त्यामुळे नंतर मन बदललं तरी बोर्ड बदलावा लागत नाही. आठवडाभर लॉगमधलं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर बघा. ते सतत शून्याच्या आसपास असेल तर एसएफ-७ वर उतरा. −१० च्या खाली घुटमळत असेल तर एसएफ वाढवण्याआधी अँटेना दोन मीटर वर न्या. त्याला बॅटरी लागत नाही. आणि ही मोजणी ऊस डोक्याच्या वर गेल्यावर, पाऊस पडून पानं ओली असताना करा. लागणीच्या वेळी मोजाल तर सगळंच पोचतं.