साईड स्टँड: बोल्टची प्लेट, वेल्डिंगची पत्ती की सरळ डबल स्टँड?

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरचं डांबर दुपारी बोटाने दाबलं तरी दबतं. धरमपेठेत माझी गाडी अशाच डांबरात साईड स्टँडसकट रुतली आणि डावीकडे कलंडली. क्लच लिव्हर तुटला, इंडिकेटर लोंबायला लागला. पावसाळ्यात बेसा-मानेवाड्याकडच्या लेआऊटमध्ये काळी माती हेच काम करते. तुमची गाडी घरी आणि ऑफिसात सिमेंटवरच उभी राहत असेल, तर स्टँडच्या पायाखाली रुंद प्लेट लावायच्या किंवा डबल स्टँड बसवायच्या खर्चात पडूच नका.

बाकीच्यांसाठी हिशेब सोपा आहे. स्टँडचा मूळ पाय 3 बाय 5 सेंटिमीटरचा धरला तर 15 चौरस सेंटिमीटर. त्याखाली 7 बाय 9 ची प्लेट आली की 63. भार तोच, जागा चौपट.

बोल्टने कसायची ॲल्युमिनियमची प्लेट मला सगळ्यात पटते. घरी ॲलन कीने बसते, नको झाली तर निघते. मात्र आपल्या मॉडेलचीच घ्या. 'सगळ्या गाड्यांना चालते' म्हणून विकतात ती पायावर फिरते. सिंगल सिलिंडरच्या थरथरीने बोल्टही ढिले होतात, म्हणून थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावायचं आणि चेनला ऑइल देताना एकदा ॲलन की फिरवून बोल्ट बघायचे.

वेल्डिंग सगळ्यात स्वस्त आणि पक्कं. वेल्डर म्हणतो, "काही होत नाही भाऊ, गाडीवरच दोन टाके मारून देतो." ऐकू नका. स्टँड काढून न्या. गाडीवरच वेल्डिंग केलं तर करंट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यापर्यंत, पोचू शकतो, आणि स्टँडचा सेन्सर असेल तर त्याला आच लागते. जोड झाल्यावर रंग मारा, नाहीतर पहिल्याच पावसात गंज.

दोन्हींत खरी चूक होते ती जाडीत. पत्ती जाड घेतली की स्टँड तेवढा उंच होतो आणि गाडी सरळ उभी राहते. मग मे महिन्यातल्या वादळात, त्यातही कव्हर घातलेलं असेल तर, ती उजवीकडे जाते. रुंदी वाढवा, जाडी नाही. उलट मागचे शॉक उंच केले असतील तर गाडी आधीच जास्त झुकते. तिथे थोडी जाडी चालते. प्लेट बाहेर फार काढू नका, डाव्या वळणावर घासते. स्टँड दुमडून ती सायलेन्सरला किंवा चेनला लागत नाही ना, तेही बघा. आणि मुळात स्टँडच्या बोल्टमध्येच प्ले (ढिलेपणा) आला असेल, तर आधी तो बदला. अर्ध्या गाड्यांचा आजार तिथेच असतो.

डबल स्टँडची गोष्ट वेगळी. दोन्ही पाय बरोबरीने रुततात, गाडी एका बाजूला जात नाही. मागचं चाक उचललं जातं, पंक्चर आणि चेनचं काम सोपं. स्प्लेंडरची 112 किलोची गाडी कोणीही चढवतं. 195 किलोच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ला आधी स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवून मग पायाने दाबायचं, नुसतं ओढलं तर कंबर धरते. उतारावर मात्र डबल स्टँड लावू नका. चेसिसला त्याची जागाच नसेल तर विषय संपला. चेसिसवर वेल्डिंग करून स्टँड अडकवायचे कान बसवून घेऊ नका.

हे सगळं होईपर्यंत डिक्कीत लाकडाची एक फळी ठेवा, आणि साईड स्टँडवर लावताना पहिला गिअर टाकून ठेवा. गाडी पुढे सरकली की स्टँड आपोआप दुमडतो.