लुरासिडोन की ओलान्झापिन-फ्लुओक्सेटिन? पोरांच्या बायपोलर डिप्रेशनसाठी वाचलेलं

बहिणीच्या पोराला, वय १५, बायपोलरमधलं (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार) डिप्रेशन निघालं. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर दोन नावं लिहिली नि म्हणाले घरात बोलून घ्या, मग काय, मी इकडं सांगलीत आठवडाभर औषधांच्या ट्रायल, म्हणजे चाचण्याच वाचत बसले.

लुरासिडोन. अमेरिकेत १० ते १७ वयासाठी २०१८ ला मान्यता. ट्रायल ६ आठवड्यांची, साडेतीनशेच्या आसपास पोरं, काहींना औषध, काहींना प्लासिबो म्हणजे आत औषधच नसलेली गोळी. डिप्रेशनचा स्कोअर औषधवाल्यांचा २१ नं उतरला आणि प्लासिबोवाल्यांचा पण १५ नं! इथं मी चहा बाजूला ठेवला. कुणी छातीठोक सांगतं ना "आमच्या पोराला गोळीनं फरक पडला", त्यात गोळीचा वाटा किती नि दर आठवड्याला कुणीतरी बसवून विचारपूस करतंय त्याचा किती, कोण सांगणार.

दुसरी ओलान्झापिन-फ्लुओक्सेटिनची जोडगोळी, अमेरिकेत मान्यता २०१३ ची. प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण ८ आठवड्यांत सरासरी ४.४ किलो वजन वाढलं. लुरासिडोनला किलोभर पण नाही. (ट्रायली वेगवेगळ्या आहेत हं, दोघांची एका आखाड्यात कुस्ती झालेली नाही.) वजनाबरोबर साखर, कोलेस्टेरॉल पण बघत राहायचं, आणि दहावीच्या पोराला शाळेची पँट कमरेत बसेना झाली की गोळी कचऱ्यात जाते ते वेगळंच.

ओळखीच्या एकानं क्वेटियापिन सुचवलं. मोठ्यांना चालतं, पण पोरांच्या ट्रायलमध्ये प्लासिबोच्या पुढं गेलं नाही, म्हणून मी तो विषय सोडला.

माझं मत लुरासिडोनकडं, पण त्यात एक मेख आहे. निदान ३५० कॅलरीच्या जेवणाबरोबरच घ्यायचं, रिकाम्या पोटी जवळजवळ निम्मंच अंगी लागतं. आणि भाचा तर भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच ताटात ठेवून उठतो! जो जेवतच नाही त्याला जेवणावरची गोळी. डॉक्टरांना हे आधी सांगा, नुसतं "जेवतो थोडंफार" म्हणू नका. मळमळ, झोप येणं हे पण होतं.

जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात हा इशारा दोन्हींवर आहे, सुरुवातीचे आठवडे पोराला एकटं सोडू नका.

बहिणीनं शेवटी पोरासाठी लुरासिडोन निवडलं. रात्री ताटात दूध-भात, शेंगदाण्याची चटणी, वर तूप, नि गोळी तिच्या मुठीत.